अक्काच्या मीटरवर

आष्ट्याच्या सुकुमार मगदूमांनी विजेवरची गाडी घेतली ती पर्यावरणासाठी नव्हे. पर्यावरणाचं बघायला मोठमोठी माणसं आहेत, ती त्यासाठी विमानानं परिषदांना जातात, आपण मधे पडू नये, असं त्यांचं मत होतं. त्यांनी गाडी घेतली ती बचतीसाठी. तीसुद्धा सेकंडहँड, सांगलीच्या एका डॉक्टरांनी कंटाळून विकलेली. नवी गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली की लाखानं उतरते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. ते उतरणं डॉक्टरांच्या नशिबी गेलं, आपल्याला उतरलेलीच मिळाली, यात त्यांना एक शांत समाधान होतं.

गावात त्यांना सगळे अण्णा म्हणत. बी-बियाणांचं आणि खताचं दुकान, साठी ओलांडलेली, बी.कॉम.ची डिग्री दुकानात गल्ल्याच्या वर फ्रेम करून लावलेली. गाडी दारात आल्यावर बायकोनं, राजमतीकाकूंनी, चाकाला हळदकुंकू लावलं, आणि अण्णांनी लगेच घरच्या युनिटचा दर आणि हायवेवरच्या चार्जिंग स्टेशनचा दर शेजारी शेजारी ठेवून बघितला. स्टेशनची वीज घरच्यापेक्षा कितीतरी महाग. अण्णांनी त्याच दिवशी जाहीर केलं, की या गाडीत बाहेरची वीज जाणार नाही.

“म्हंजे गाडीला बी नेम दिला म्हना की,” काकू म्हणाल्या. त्या स्वतः सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नसत, त्यामुळं नेमाबद्दल त्यांना आदर होता. “निदान गाडी तरी पाळंल. तुमी एक भजी सोडली न्हाईत.”

पहिल्या महिन्याचं वीजबिल आलं आणि अण्णांना एक गोष्ट कळली जी गाडीच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही. घरगुती विजेला टप्पे असतात. थोडी वापरा, थोडका दर. जास्त वापरा, वरच्या टप्प्यातल्या युनिटला वरचा दर. गाडीनं त्यांना उचलून थेट वरच्या टप्प्यात नेऊन बसवलं होतं. आयुष्यभर वरच्या वर्गात बसायची इच्छा होती, ती अशी पुरी झाली. पुण्याचा मुलगा धवल म्हणाला, “पप्पा, छतावर सोलर टाका.” अण्णांनी अनुदानाचा अर्ज केला आणि तो वर चढायची वाट बघत बसले.

खरी पंचाईत साताऱ्याची होती. मुलगी प्रियदर्शनी साताऱ्यात बँकेत नोकरीला, गोडोलीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये. महिन्यातून एकदा तिच्याकडं जायचं हे ठरलेलं. पण डॉक्टरांनी कंटाळेपर्यंत वापरलेली बॅटरी आष्टा ते सातारा जाऊन परत यायला पुरत नव्हती, आणि साताऱ्याच्या सोसायटीच्या चेअरमननी पार्किंगमध्ये वायर दिसली की पोलीस बोलावीन असं नोटीस बोर्डावर लिहिलं होतं. म्हणजे वाटेत कुठंतरी गाडीला चारा घालायला हवा. स्टेशनला नेम आडवा.

आणि वाटेत उंब्रज होतं. उंब्रजला अक्का होती.

अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण सुंदरी. दाजी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा गोमटेश बंगळूरला. घरात एकटी. एक पंखा, एक फ्रीज, सकाळच्या प्रवचनापुरता टीव्ही. एवढ्या वापरानं ती पहिल्या टप्प्याच्या पायरीवरसुद्धा अर्धीच चढलेली असणार. अण्णांनी दुकानात बसल्या बसल्या विचार केला, आणि त्यांना एकदम जाणवलं, की वाटेवरची स्वस्तातली स्वस्त वीज आपल्या सख्ख्या बहिणीच्या घरी नुसती पडून आहे.

विचार करताना त्यांना थोडी लाज वाटली, नाही असं नाही. कारण अक्काच्या घरी ते नुसते असे जाऊन किती दिवस झाले, हे त्यांना आठवेना.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी त्यांच्या वडिलांची, तात्यांची, फियाट होती. ती फियाट कराडपर्यंत माणसासारखी चालायची आणि कराड सोडलं की तापायची. उंब्रजला पोचेतो बॉनेटमधून वाफ. तेव्हा हायवे अक्काच्या दारावरून जायचा. गाडी ओट्याला टेकली की दाजी कळशी घेऊन बाहेर यायचे, सदऱ्याचं टोक हाताला गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायचे, आणि म्हणायचे, “आता तासभर बोलायचं न्हाई हिच्याशी.” त्या तासात चहा व्हायचा. चहाच्या मागनं भाकरी. भाकरीच्या मागनं तात्या आडवे व्हायचे. संध्याकाळ झाली की अक्का म्हणायची, आता कुठं जाताय, जेवा दिस हाय तवर, आणि मुक्काम. सुकुमारचं लग्न ठरलं ते त्या ओट्यावर, गाडी गार होताना. राजमतीचं स्थळ दाजींनीच सुचवलं होतं. सातारला निघालेली माणसं आष्ट्याला परत यायची, सातारा राहूनच जायचा, आणि त्याचं कुणालाही काही वाटायचं नाही.

मग चांगल्या गाड्या आल्या. त्या तापेनात. मग चौपदरी रस्ता आला, उंब्रजवरून पूल गेला, आणि अक्काचं घर खाली राहिलं. गाडी थांबवायला कारण उरलं नाही, आणि कारणाशिवाय थांबायची अण्णांच्या घराण्याला सवय नव्हती. मग लग्न, बारसं, मयत. बाकी फोनवर.

तर त्यांनी फोन लावला.

“अक्का, रविवारी येतोय. मी आन राजमती.”

“का रं? कोन गेलं?”

“कोन न्हाई गेलं. सहज येतोय.”

“सहज?”

“व्हय की. तुला बघायला.”

मग अक्का म्हणाली, “ये की,” आणि फोन ठेवला. प्लगचं काही अण्णांच्या तोंडातून निघालं नाही. फोनवर बरं दिसत नाही, समोरासमोर सांगू, असं त्यांनी ठरवलं.

शनिवारी धवलचा फोन आला. “पप्पा, उंब्रजला जाताच आहात तर आत्याच्या सहीचा विषय पण काढा ना. एका फेरीत दोन कामं. बचतच आहे.”

सहीचा विषय असा होता. सांगली रस्त्याला तात्यांचं वावर होतं. तात्या गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून दोघांची नावं लागली, सुकुमार आणि सुंदरी. तेव्हा त्या वावरात ऊस सोडून कुणाला काही दिसत नव्हतं. आता धवलला तिथं प्लॉट दिसत होते. या भागात बहिणीनं हक्कसोड करून द्यायची एक पद्धत आहे. भाऊ साडी घेऊन जातो, बहीण कागदावर सही करते, डोळ्याला पदर लावते, भाऊही डोळे पुसतो, आणि त्यानंतर दोघांची भेट एकदम पुढच्या मयताला होते. सगळ्या गल्लीत हे झालेलं होतं. मगदूमांच्यातच राहिलेलं.

“बघू,” अण्णा म्हणाले.

दुकानात अण्णांच्या ‘बघू’चा अर्थ गिऱ्हाइकाला कळायचा. घरात तो अण्णांनाही कळत नसे. धवलनं त्याचा अर्थ ‘हो’ असा लावला. अण्णांनी तो दुरुस्त केला नाही.

रविवारी निघताना काकूंनी विचारलं, “अक्कांना काय घेतलंय?”

“काय घ्यायचं? चार-पाच तास चार्जिंग लावू, युनिट मोजू, पैसं देऊन टाकू.”

“भनीला पैसं देनार?” काकू पिशवी खाली ठेवून म्हणाल्या. “वीजबिलाचं? उद्या जेवनाचं बी बिल मागा म्हनावं तिला. साडी घ्यायला लागंल. इतक्या दिसानं चाललोय, उघड्या हातानं मी त्या घराचा उंबरा चढनार न्हाई.”

साडी घेतली. चांगली, काठापदराची. दुकानदारानं आकडा सांगितला तेव्हा अण्णांनी मनात त्याचं पेट्रोल करून बघितलं. जुन्या गाडीनं तेवढ्यात साताऱ्याच्या तीन-चार फेऱ्या आरामात झाल्या असत्या. अण्णांनी पैसे मोजून दिले. बचतीच्या मार्गात सुरुवातीला खर्च असतो.

प्रवास मार्चच्या उन्हात झाला. एसी लावला की वीज जाते, म्हणून एसी बंद. काचा उघडल्या की वारा आत शिरून गाडीला मागं ओढतो, तेही वीजच खातं, म्हणून काचाही बंद. काकू पुठ्ठ्यानं वारा घेत बसल्या. पेठनाक्याच्या पुढं अण्णांनी एक उसाची ट्रॉली गाठली आणि तिच्या मागं निवांत लागून राहिले. पुढं मोठं वाहन असलं की हवा ते कापतं, आपल्याला कमी वीज लागते, हे त्यांनी व्हिडिओत बघितलं होतं.

“आवं, चालत गेलो असतो तर कवाच पोचलो असतो,” काकू म्हणाल्या. “आन एवढं शिजलो बी नसतो.”

“उतार येऊ दे. उतारावर वीज परत येती.”

“माझा जीव परत येतोय का बगा उतारावर.”

कराड गेलं. पुलावर न चढता अण्णांनी खालचा रस्ता धरला. जुना हायवे आता गल्लीसारखा झाला होता, कडेला भाजीवाले बसलेले. पण ओटा तोच होता. अण्णांनी गाडी ओट्याला लावली आणि त्यांना उगाचच वाटलं, आता वाफ येईल. गाडी मुकाट उभी राहिली. या गाडीचं सगळंच मुकाट.

अक्का दारात होती. धुवट नऊवारी, केस नीट बसवलेले. घर सारवल्यासारखं स्वच्छ. तिनं राजमतीला जवळ घेतलं, भावाच्या तोंडावरून हात फिरवला, “किती वाळलास रं सुकू,” म्हणाली. सुकू वाळलेले नव्हते, घामानं भिजलेले होते. मग काकूंनी साडीचं पुडकं पुढं केलं. त्याबरोबर अक्काचा चेहरा असा काही उतरला, की काकूंना वाटलं रंग चुकला.

“ह्ये कशाला आनलंस?” अक्का हळू म्हणाली.

“राहू दे की वन्सं. इतक्या दिसानं आलोय.”

“व्हय,” अक्का म्हणाली. “साडी आनायची पद्धतच हाय.”

तिनं पुडकं न उघडता फळीवर ठेवलं. तिथं तिचा चष्मा आणि आधार कार्ड नीट एकावर एक ठेवलेलं होतं. अण्णांचं तिकडं लक्ष गेलं नाही. त्यांचं लक्ष भिंतीवर होतं. बारके प्लग सगळीकडं होते, पण गाडीला मोठा लागतो, जाड पिनांचा, तसा कुठं दिसेना. त्यांची नजर माजघरातून सोप्यात, सोप्यातून स्वयंपाकघराकडं फिरू लागली.

“काय बगतोस?” अक्का म्हणाली.

“न्हाई. घर चांगलं ठेवलंयस.”

जेवायला सांज्याच्या पोळ्या होत्या, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, शेंगाची चटणी. कांदा नाही, लसूण नाही, तरी अण्णांना ती आमटी घरच्यापेक्षा बरी लागली. ते त्यांनी काकूंसमोर बोलून दाखवलं नाही. अक्का वाढत होती, पण गप्प होती. पूर्वी ती वाढताना बोलायची, आणि बोलताना भाताचा डाव हवेत थांबायचा. आज डाव सरळ पानात येत होता.

अण्णांनी भातावर सुरुवात केली. “अक्का, एक काम हुतं.”

“आधी जेव.”

ताक पिऊन त्यांनी पुन्हा धरलं. “लय मोठं न्हाई. पन तुझी परवानगी पायजे. तुझ्याच नावावर हाय ते, म्हनून म्हटलं इचारल्याबिगर—”

“बोलू नगंस,” अक्का म्हणाली. “मला ठावं हाय तू कशाला आलायस. फोन ठेवला तवाच कळलं. भाऊ सहज येत असतोय व्हय?”

ती उठली, फळीवरचा चष्मा घातला, आधार कार्ड घेऊन आली आणि भावासमोर पाटावर बसली.

“काढ कागद.”

“कसला कागद?”

“वावराचा. साडी आनलीस, कागद इसरलास व्हय?”

काकूंनी आधी अक्काकडं बघितलं, मग नवऱ्याकडं, आणि त्या एकदम समजल्या. अण्णाही समजले. सहीसाठी येणारा भाऊ कसा येतो हे अक्कानं गल्लीत चार ठिकाणी बघितलेलं. हा तसाच आला होता. काम काढून, साडी घेऊन, जेवून झाल्यावर घसा साफ करत.

आता खरं सांगायला हवं होतं. पण अण्णांनी दोन्ही कारणं मनात तोलून बघितली आणि त्यांची जीभ उचलेना. जमिनीसाठी बहिणीकडं येणारा भाऊ आणि विजेसाठी येणारा भाऊ. पहिल्याला निदान काही परंपरा होती.

“आवं, सांगा की आता,” काकू म्हणाल्या. “गाडी उपाशी हाय म्हनून.”

“गाडी?” अक्का म्हणाली.

“अक्का, वीज पायजे हुती,” अण्णा म्हणाले. “गाडी विजंवरची हाय. वाटंत चार्ज करायला लागती. तुझ्याकडं मोठा प्लग हाय का, एवढंच इचारायचं हुतं.”

अक्कानं चष्मा नाकावर सारखा केला. “तुमच्यातली वीज तोडली व्हय रं?”

“न्हाई. हाय वीज. महाग पडती.”

“आन माझी?”

“तुझी सोस्त पडती. तू वापरत न्हाईस ना.”

हे ऐकल्यावर अक्काच्या तोंडावर जे आलं ते हसू होतं की काय, ते अण्णांना लवकर ठरवता आलं नाही. “माझ्या सहीसाठी न्हाई आलास?”

“न्हाई.”

“आयशप्पत?”

“आयशप्पत न्हाई घ्यायची, पाप लागतं म्हनायचीस तूच.” आणि अण्णा मध्येच थांबले. त्या थांबण्यात धवलला म्हटलेलं ‘बघू’ होतं. पण अक्काला ते दिसलं नाही. ती हसायला लागली होती. पदरानं डोळे पुसत, चष्मा वर ढकलत, हसत होती. “प्लगासाठी आलंय! राजमती, मी चार रात्री झोपले न्हाई, आन ह्यो प्लगासाठी आलाय!”

मोठा प्लग मोरीजवळ निघाला. गोमटेशनं आईसाठी गीझर बसवला होता. आई चुलीवर पाणी तापवत होती आणि गीझरवर टॉवेल वाळत घालत होती. अण्णांनी टॉवेल काढला, वायर खिडकीतून बाहेर ओढली, गाडीला लावली. गाडीवर हिरवा दिवा लुकलुकला. अक्का ओट्यावर उभी राहून बघत होती, गाईला सडकी वैरण तर घालत नाहीत ना, अशा नजरेनं.

“खातीय?”

“खातीय.”

“आवाज करत न्हाई.”

“हीच खुबी हाय.”

काकू आत जरा आडव्या झाल्या. उन्हं उतरायला लागली तशी अक्का पुन्हा बाहेर आली आणि म्हणाली, आत बसून बघते. अण्णांनी तिला पुढच्या सीटवर बसवलं, आपण स्टेअरिंगमागं बसले. आत भट्टी झाली होती. अक्काच्या कपाळावर घाम आला तेव्हा अण्णांच्या हातून, त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, गाडी सुरू झाली आणि एसी लागला. समोरच्या पडद्यावर टक्के दिसू लागले.

“ह्यो आकडा वाडतोय?”

“वाडतोय. सावकाश.”

“सावकाशच वाडू दे,” अक्का म्हणाली. थंड वाऱ्यासमोर तिनं हात धरला. “तुझं दाजी असतं तर बॉनेट उघडून बसलं असतं बग. त्यास्नी त्या फियाटचं लय याड. तात्यांस्नी म्हनायचं, मामा, गाडी बदलू नगासा, ही तापती म्हनून तुमी थांबता.”

“मला कवा बोललं न्हाईत असं.”

“तुला कशाला बोलत्याल? तू झोपायचास मागच्या सीटवर, तोंड उघडं टाकून. माश्या वारत बसायची मी.”

अण्णांना ते आठवलं. तापलेल्या रेक्झिनचा वास, ओट्यावरून येणारे तात्यांचे आणि दाजींचे आवाज, आणि तोंडापुढून जाणारा पदर. त्यांना वाटलं होतं ते सगळं रेडिएटरबरोबर गेलं. खिडकीबाहेर पुलावरून ट्रक जात होते, एकामागून एक, कुणीच खाली बघत नव्हतं. अण्णा स्वतः किती वेळा वरून गेले असतील. त्यांनी त्याबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

आणि गाडीत घंटा वाजली. चारही दारांतून, मोठ्यानं. डॉक्टरांनी कौतुकानं बसवून घेतलेले स्पीकर होते. पडद्यावर ‘धवल’ असं आलं. अण्णा खिशातला फोन शोधू लागले आणि शोधता शोधता त्यांचं बोट पडद्याला लागलं.

“पप्पा,” गाडीभर धवल बोलला, “आत्याची सही झाली का? रजिस्ट्रारच्या ऑफिसातल्या माणसाला मी सोमवारी—”

अण्णांना फोन सापडला तेव्हा उशीर झाला होता. एसी घुमत होता. अक्का समोर बघत होती.

“पप्पा? ऐकू येतंय?”

“येतंय,” अक्का म्हणाली. “धवल, आत्या बोलतीय.”

धवलचा आवाज एकदम मऊ झाला. “जय जिनेंद्र आत्या. बरी आहेस ना? मी म्हणतच होतो पप्पांना की आत्याला एकदा भेटून—”

“बाळा, ऐक,” अक्का म्हणाली. तिनं पदर सावरला, पाठ ताठ केली. “ह्ये मी चार दिस झालं आरशाम्होरं बोलून बगतीय. तुझ्या बाऽला ऐकवनार हुते. सकाळपास्नं जीव वर-खाली. मग त्यो म्हनाला प्लग पायजे, तवा मला वाटलं माझं बोलनं फुकट गेलं. बरं झालं तू घावलास. मी सही देनार न्हाई.”

“आत्या, तसं नाही, पैसे तुला पण—”

“पैसं नगंत. पैसं गोमटेश पाटवतोय, ते बी खर्चत न्हाईत. आमच्या शेजारच्या लीलाबाईनं सही दिली. भावानं साडी नेसवली, चांगली हुती साडी. त्याला किती दिस झालं. तिचा भाऊ ह्याच रस्त्यानं कोल्हापूर-पुणं करतोय. पुलावरनं. माझं नाव त्या कागदावर हाय तवर तुमच्यापैकी कुनाला तरी माझ्याकडं यायला लागंल. गोडीत या, रागात या. यायला लागंल. ठेव आता.”

धवलला ठेवता येईना. “पप्पा,” तो म्हणाला, “तुम्ही काहीतरी बोला.”

अण्णांनी स्टेअरिंग धरलं. गाडी उभीच होती, पण हाताला काहीतरी हवं होतं. आजवर प्रत्येक वेळी त्यांनी मुलाला नाही म्हणताना आधी हिशेब सांगितला होता. इथं हिशेब धवलच्या बाजूनं होता, चांगला भक्कम होता, आणि तो त्यांना तोंडपाठ होता.

“धवल, ते काम होणार नाही,” ते म्हणाले. “आत्यानं नाही म्हटलंय. मी विचारलेलं नाही, आणि पुढंही विचारणार नाही. प्लॉटचं डोक्यातून काढ. ऊस आहे तो असू दे.”

“पण पप्पा, तुम्हीच तर म्हणाला होता—”

अण्णांनी पडद्यावरचं लाल चिन्ह दाबलं. गाडी पुन्हा मुकाट झाली.

अक्का त्यांच्याकडं वळली. “काय म्हनाला हुतास त्याला?”

आता खोटं बोलायची सोय होती. काकू आत झोपल्या होत्या, धवल पुण्यात होता. अण्णा म्हणाले, “बघू म्हनालो हुतो.”

“बघू.”

“व्हय.”

“तात्या बी बघू म्हनायचं,” अक्का म्हणाली. “सातवी झाली तवा मास्तर घरला आलं. पोरगी हुशार हाय, सांगलीला ठेवा बोर्डिंगात म्हनालं. तात्या म्हनालं बघू. मी वर्सभर वाट बगितली. पुढच्या उनाळ्यात लगीन लावलं.” तिनं एसीसमोरचा हात मागं घेतला. “तवा तू ल्हान हुतास. तुला कुठलं ठावं.”

अण्णांना ठाऊक नव्हतं. सांगलीच्या बोर्डिंगात ते स्वतः राहिले होते, तिथंच बी.कॉम. झालं होतं, आणि घरात कुणी कधी याबद्दल बोललं नव्हतं. त्यांनी काहीतरी म्हणावं म्हणून म्हटलं, “अक्का, रागावलीस?”

“रागावलेच हाय.” अक्का दाराची कडी शोधू लागली; ती सापडेना तशी काचेवर टिचकी मारून म्हणाली, “उघड ह्ये. दिस कलला. राजमतीला उठव. जेवून घ्या उजेडात, नगं तर उपाशी ऱ्हाईल ती बिचारी.”

“आमाला निघायला पायजे ना. प्रियदर्शनी वाट बगती.”

“मग जा की,” अक्का म्हणाली, आणि अण्णांनी दार उघडल्यावर ती न बघता घरात गेली.

अण्णा गाडीत बसून राहिले. टक्के भरपूर झाले होते. आता निघालं तर सातारा सहज गाठता येत होता, परतसुद्धा येता येत होतं, एक पैसा बाहेर न घालता. सगळं मनासारखं जमलं होतं. त्यांनी प्रियदर्शनीला फोन लावला, या वेळी नीट कानाला धरून.

“पिऊ, उद्या येतो गं.”

“का? गाडी बंद पडली?”

“न्हाई. आत्या भांडायला लागलीय.”

“अगं बाई. मग?”

“मग काय? मी मधनंच उठून आलो तर कसं हुईल?”

आत पाट मांडले होते. पश्चिमेच्या खिडकीतून उजेड आडवा येत होता. काकू डोळे चोळत बसल्या होत्या आणि अक्का तव्यावरून सरळ पानात पोळ्या टाकत होती, त्यामुळं बोलायला तिला वळावं लागत होतं आणि दरवेळी हातातलं उलथणं हवेत थांबत होतं. अण्णा पाटावर बसले. तिनं त्यांच्याकडं बघितलं, पण आलास का असं विचारलं नाही.

“तर,” अक्का म्हणाली, “पैल्यांदा गोमटेशच्या लग्नातलं. तवा तू मांडवात आलास, टॉवेल-टोपी घेतलीस, आन मागच्या दारानं जेवून गेलास. मला भेटला न्हाईस.”

“भेटलो हुतो की.”

“गप. तू नंतर बोल. मी आधी सगळं सांगते.” आणि तिनं त्यांच्या पानात दुसरी पोळी टाकली.